परळची शाळा आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकताच भिंतीवर एका ओळीने लावलेल्या तसबिरी दिसतात. तथागत भगवान बुद्ध, बाबासाहेब, माता रमाई, महात्मा जोतीराव, सावित्रीमाई, राजर्षी शाहू आणि शेवटी सयाजीराव महाराज. माजी विद्यार्थ्यांना ही ओळ पाठ असेल, कारण प्रार्थनेला उशीर झाला की तिच्याच खाली उभे राहावे लागे. या ओळीत विठ्ठल रामजी शिंदे नाहीत.

मागील वर्षी आठवीच्या वर्गात आम्ही शिंदे यांनी मुंबईत परळला काढलेल्या शाळेविषयी सांगत होतो. एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले. बाबासाहेबांचे कुटुंब त्या वेळी परळलाच राहत होते, तर ते त्या शाळेत का गेले नाहीत, हा पहिला. ज्यांनी आपल्या मुलांसाठी एवढे केले त्यांची तसबीर आपल्या भिंतीवर का नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच तासाला दिले. दुसऱ्या प्रश्नावर स्टाफरूममध्ये आठवडाभर चर्चा चालली आणि ती पुरती मिटली नाही. शिंदे हे काँग्रेसच्या वळणाचे, मराठा समाजातले, प्रार्थनासमाजी गृहस्थ. बाबासाहेबांशी त्यांचा उघड मतभेद झाला. मग त्यांना त्या ओळीत जागा कशी द्यावी, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्हांस वाटले.

प्रथम त्या काळच्या शाळेच्या दाराविषयी सांगितले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी आपल्या ठाण्यास येऊन पोहोचली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत धावू लागली. तिकिटाचे पैसे देईल त्याला डब्यात बसता येत होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. एका मुलासाठी इतर सर्वांना दुखवून शाळा ओस पाडणे योग्य नाही, असा विचार करून सरकारने तो अर्ज फेटाळला. प्रकरण कलकत्त्याला आणि विलायतेला गेले, आणि १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे तत्त्व ठरले. कागदावरचा निकाल मुलाच्या बाजूने लागला, परंतु तो लागेपर्यंत दोन वर्षे गेली होती. पुढे १८८२ च्या हंटर आयोगाने हेच तत्त्व पुन्हा मान्य केले आणि त्याचबरोबर, जेथे विरोध असेल तेथे अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात अशी वाटही दाखवून ठेवली. त्यामुळे आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीपुढे दोनच मार्ग होते. एक तर सर्वांच्या शाळेत दाराबाहेर बसायचे, नाही तर वेगळ्या शाळेत आत बसायचे.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. ते गाव आज कर्नाटकात आहे. वडील रामजी वारकरी पंथाचे होते. घरात जातपात पाळण्याची फारशी सक्ती नव्हती, पैशाची चणचण मात्र कायम असे. विठ्ठलराव १८९१ मध्ये मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. शिष्यवृत्त्या आणि शिकवण्या यांच्या आधाराने त्यांनी १८९८ मध्ये बी. ए. पूर्ण केले. या वर्षांत त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साह्य झाले. ज्या हाताने पुढे बाबासाहेबांना कोलंबियास पाठविले तोच हा हात, हे येथे नोंदवून ठेवतो.

पुण्यातील त्या दिवसांतली एक घटना आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. त्यांची धाकटी बहीण जनाबाई, जिला घरात जनाक्का म्हणत, लहानपणीच लग्न होऊन सासरी गेली होती. तिथला छळ सहन न होऊन ती माहेरी आली. शिंदे यांनी तिला शिकवायचे ठरविले. स्त्रियांच्या शिक्षणासाठी नावाजलेल्या पुण्यातील एका संस्थेत ते गेले, तेव्हा मुलगी ब्राह्मणेतर असल्यामुळे तिला घेता येत नाही असे उत्तर मिळाले. शेवटी हुजूरपागेच्या शाळेत तिची सोय झाली. म्हणजे शाळेचे दार तोंडावर बंद होणे म्हणजे काय, हे शिंदे यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. अर्थात मराठ्याच्या मुलीला एक दार बंद झाले तर दुसरे उघडत होते. महाराच्या मुलीला दुसरे दारच नव्हते, हा फरक आपण विसरता कामा नये. शिंदेही तो विसरले नाहीत असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते.

याच सुमारास ते प्रार्थनासमाजाकडे वळले. १९०१ मध्ये विलायतेस जाऊन ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. तेथे पाली भाषा आणि बौद्ध धर्म हेही त्यांच्या अभ्यासात होते. १९०३ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेस हजर राहून ते परतले आणि मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. पगार बेताचा, फिरती मोठी. या फिरतीत त्यांनी हिंदुस्थानभरच्या अस्पृश्य वस्त्या पाहिल्या. शिरगणतीचे अहवाल चाळून त्यांनी अस्पृश्यांची संख्या काढली. देशाच्या लोकसंख्येचा सुमारे सहावा हिस्सा माणसांत धरला जात नाही, हे त्यांनी सुशिक्षितांपुढे आकड्यांनिशी मांडले. तोवर या प्रश्नावर हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ होते. आकडे मांडणारे फारसे कोणी नव्हते.

१९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य बांधवांनी त्यांना रात्रीच्या सभेस बोलावले. दिवसा मजुरी असल्यामुळे सभा रात्रीच भरत. त्या सभेने त्यांच्या मनाचा निश्चय झाला. त्याच वर्षी पुण्यात मिठगंज पेठेत त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी रात्रीची शाळा उघडली, आणि पुढच्या वर्षी मुंबईत मोठे काम उभे राहिले.

१८ ऑक्टोबर १९०६ हा तो दिवस. दिवाळीचे दिवस होते. परळला ग्लोब मिलजवळ मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात डिप्रेस्ड क्लासेस मिशन या संस्थेची स्थापना झाली आणि तिची पहिली शाळा तेथेच भरू लागली. मराठीत संस्थेचे नाव भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी असे ठेवले होते. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले, शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी १,००० रुपये दिले आणि शिंदे कार्यवाह झाले. म्हणजे अध्यक्ष न्यायमूर्ती, देणगीदार शेठ आणि शिकणारी मुले गिरणीतल्या कामगारांची, असा तो मेळ होता.

परळ म्हणजे काय हे आपल्या पालकांना सांगावयास नको. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, कल्याणच्या रेल्वे वसाहतीत, अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्याच्या आसपास किंवा मोहने-आंबिवलीस जी आपली कुटुंबे स्थिरावली, त्यांपैकी कित्येकांचे आजे-पणजे प्रथम परळ, नायगाव, वरळी येथील चाळींत राहिले होते. १९८२ च्या संपानंतर उरलेसुरले गिरणीकामगारही घरे विकून डोंबिवली-कल्याणकडे आले. त्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा दुसऱ्याला चालत नसे. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. आपल्या माणसांना मात्र कमी मजुरीच्या खात्यांतच राहावे लागे. अशा वस्तीत, गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, ही शाळा उघडली.

तिच्यात केवळ मुळाक्षरे शिकवीत नसत. शिवणकाम, पुस्तकबांधणी असे हातउद्योग होते, आजाऱ्यांसाठी औषधपाण्याची सोय होती, रविवारी उपासना होती. बाहेरगावच्या मुलांना राहण्याची सोय हळूहळू झाली. जनाक्का या कामात उतरल्या. त्यांनी शिकविले आणि वस्तीत घरोघर जाऊन आयांना मुली पाठविण्याची विनंती केली. विठ्ठलरावांचे चरित्र लिहिणारे जनाक्कांना एखाद-दुसरी ओळ देतात. आमच्या मते त्या शाळेचा अर्धा भार जनाक्कांच्या खांद्यावर होता. ज्या मुलीला स्वतःला एका शाळेने परत पाठविले होते ती मोठी होऊन दुसऱ्या मुलींना शाळेत बोलावीत वस्तीत फिरत होती. विठ्ठलराव स्वतः वर्षातील पुष्कळ दिवस देणग्यांसाठी गावोगाव फिरतीवर असत.

आता त्या विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. १९०६ मध्ये सुभेदार रामजी आंबेडकर यांचे बिऱ्हाड परळलाच डबक चाळीत होते. त्या एका खोलीत अभ्यास करणारा त्यांचा मुलगा भीमराव तोवर परळच्या प्राथमिक शाळेच्या पुढे निघून गेला होता. तो एल्फिन्स्टन हायस्कुलात होता. मुंबईतील ती नामांकित सरकारी शाळा. १८५८ च्या तत्त्वाप्रमाणे सर्वांना खुली. मुलाने याच शाळेत शिकावे म्हणून सुभेदारांनी पोटाला चिमटा घेतला. तेथे दार बंद नव्हते; तरीही फळ्यावर गणित सोडविण्यास शिक्षकांनी भीमरावाला बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे उचलण्यासाठी मुलांची धावपळ उडाली. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती, पण ती भाषा त्यांना नाकारली गेली आणि पर्शियन घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. १९५६ च्या दीक्षाभूमीची एक वाट त्या पुस्तकापासून सुरू होते, असे आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो.

तेव्हा एकाच परळात त्या वर्षी दोन प्रकारची शाळा आपल्या मुलांच्या वाट्याला आली होती. एकीत प्रवेश हक्काचा होता, पण डबे उचलले जात. दुसरीत डबा कोणी उचलीत नसे, मुलांना मायेने जवळ घेतले जाई. मात्र शाळा चालावी की बंद पडावी हे अध्यक्ष, शेठ आणि कार्यवाह ठरवीत.

शिंदे यांच्या कामाचा पसारा पुढे झपाट्याने वाढला. पुणे, मनमाड, दापोली, अकोला, अमरावती, इंदूर, मंगळूर अशा ठिकाणी शाखा झाल्या. १९१० मध्ये त्यांनी प्रार्थनासमाजाचे प्रचारकपद सोडले आणि सर्व वेळ मिशनला दिला. १९१२ मध्ये पुण्यास बिऱ्हाड हलविले. त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजात अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरली, तिचे अध्यक्ष रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी २०,००० रुपये दिले आणि नाना पेठेत मुलांच्या शाळेसाठी व वसतिगृहासाठी अहिल्याश्रम उभा राहिला. या सर्व वर्षांत शिंदे यांनी स्वतःच्या संसाराची जी आबाळ केली तिच्याविषयी ते फारसे बोलत नसत. पत्नी रुक्मिणीबाई, आईवडील आणि मुले यांनी ती मुकाट्याने सोसली.

१९१७ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला. त्यासाठी शिंदे कित्येक वर्षे खटपट करीत होते. मात्र त्या ठरावाकडे बाबासाहेब कोणत्या दृष्टीने पाहत हे आपण जाणतो. १९४५ च्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथाचा प्रारंभच त्यांनी या ठरावाच्या कथेने केला आहे, आणि ती कथा कौतुकाची नाही. स्वराज्याच्या मागणीस अस्पृश्यांचा पाठिंबा हवा होता म्हणून हा ठराव झाला, असा त्यांचा निष्कर्ष. १९१८ च्या मार्चमध्ये सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत मोठी परिषद झाली. लोकमान्य टिळक तेथे जोरदार बोलले, पण अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली नाही. शिंदे यांना किती निराशा आली असेल याची कल्पना करता येते. अशा लोकांची मनधरणी करीत चालणे हाच त्यांनी स्वीकारलेला मार्ग होता.

मतभेदाचा प्रसंग १९२० चा. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी घ्यावयाचे होते. ते कोणी निवडावेत, हा वाद होता. सरकारने नेमू नयेत आणि अस्पृश्यांच्या संस्थांनीही निवडू नयेत. कायदेमंडळात निवडून आलेल्या सभासदांनी अस्पृश्यांतून ते निवडावेत, अशी भूमिका मिशनच्या वतीने शिंदे यांनी घेतली. म्हणजे आमचा प्रतिनिधी कोण हे वरिष्ठ जातींचे सभासद ठरविणार. मे १९२० च्या अखेरीस नागपूरला राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा तरुण बाबासाहेबांनी या भूमिकेवर कडाडून हल्ला चढविला आणि परिषदेकडून तिचा निषेध करून घेतला. त्या वेळी ते एकोणतीस वर्षांचे होते. शिंदे सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि परळची शाळा काढून त्यांना चौदा वर्षे झाली होती.

आम्ही हा प्रसंग पुष्कळदा वाचला आहे. बाबासाहेबांचे म्हणणे बरोबर होते यात आम्हांस शंका नाही. शिंदे यांचा हेतू वाईट होता असेही आम्हांस वाटत नाही. सरकारने नेमलेला प्रतिनिधी सरकारचाच होऊन बसेल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु ज्या मुलांना आपण बोट धरून शिकविले ती मोठी झाली आहेत आणि आता ती स्वतः ठरविणार, हे मान्य करणे कोणत्याही पालकाला जड जाते. शिंदे यांनाही जड गेले. परळच्या शाळेच्या रचनेतच हा दोष होता, नागपूरला तो उघड झाला.

संस्थेच्या नावातही तो दोष दिसतो. निराश्रित म्हणजे ज्याला आश्रय नाही असा. हा शब्द उच्चारला की पुढे एवढाच विचार उरतो की आश्रय कोण देणार. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये स्वतःची संस्था काढली तेव्हा तिला बहिष्कृत हितकारिणी सभा असे नाव दिले. बहिष्कृत म्हणजे ज्याला कोणी तरी बाहेर घातले आहे असा. हा शब्द उच्चारताच बाहेर कोणी घातले, हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही नावे एकाच समाजासाठी होती, मधे अठरा वर्षे गेली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आम्ही या दोन शब्दांवर एक पूर्ण तास देतो आणि तो कधी पुरत नाही.

याच काळात मिशनमध्ये शिकलेले तरुण संस्थेच्या कारभारात वाटा मागू लागले. आमच्या नावाने चाललेली संस्था आमच्या हाती का नाही, असे ते विचारू लागले. शिंदे यांच्यावर आरोपही झाले. १९२३ मध्ये त्यांनी कार्यवाहपद सोडले. सतरा वर्षे हिंडून जमविलेल्या पैशांतून उभी राहिलेली संस्था सोडून ते जवळजवळ रिकाम्या हातांनी बाहेर पडले. पुढे त्यांनी दुसरे मिशन काढून तिच्याशी स्पर्धा केली नाही, की वर्तमानपत्रांतून भांडण मांडले नाही. संस्था काढणारे आपल्याकडे पुष्कळ असतात आणि वेळ आली असता ती सोडणारे फार थोडे. ज्यांनी ठाणे-कल्याण परिसरात एखाद्या ट्रस्टच्या निवडणुका पाहिल्या आहेत त्यांना हे अधिक सांगावे लागणार नाही.

बाबासाहेबांनी पुढचे पाऊल टाकले ते थेट माध्यमिक शिक्षणाकडे. १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह निघाले. प्राथमिक शाळेपर्यंत आलेली मुले हायस्कुलात का पोहोचत नाहीत, याचा त्यांनी विचार केला. हायस्कूल शहरात, मुलगा खेड्यात, आणि शहरात त्याला खोली द्यायला कोणी तयार नाही, हे त्याचे कारण होते. म्हणून वेगळे हायस्कूल न काढता, सर्वांच्या हायस्कुलात जाणाऱ्या मुलांसाठी राहण्या-जेवण्याची सोय करावयाची, अशी त्यांची योजना होती. १९२८ मध्ये त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन केली. मुंबई सरकारने हायस्कुलातील मुलांसाठी पाच वसतिगृहांना मान्यता व अनुदान दिले. पनवेल, नाशिक, पुणे, धारवाड यांच्याबरोबर त्यांत आपले ठाणेही होते. ज्या धारवाडात १८५६ मध्ये एका मुलाला शाळेच्या दारातून परत पाठविले गेले, तेथेच आता हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. सरकारी अनुदान अपुरे पडे. बाबासाहेब उरलेल्या खर्चासाठी देणगीदारांना पत्रे लिहीत, हिंदू, मुसलमान, पारशी असा भेद न करता मदत मागत. देणगी दुसऱ्याची असली तरी कारभार आपला, हा धडा त्यांनी घालून दिला. १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ चे सिद्धार्थ कॉलेज याच वाटेने आले.

आपली निवासी शाळाही याच वाटेवरची आहे. मात्र एक प्रश्न आमच्या मनात अधूनमधून येतो आणि तो पालकांपुढे ठेवण्यात संकोच वाटू नये. आपणही वेगळी शाळाच काढली का? डोंबिवलीतील एक पालक मुलाला आपल्याकडे घालताना आम्हांस म्हणाले होते की, बाहेरच्या शाळेत मुलाने आडनाव सांगितल्यावर काय होते ते त्यांनी स्वतः भोगले आहे, निदान येथे तरी तो मान वर करून शिकेल. दुसऱ्या एका मातेने नेमके याच कारणासाठी मुलीला आपल्याकडून काढून सर्वांच्या शाळेत घातले, कारण पुढे तिला त्याच जगात राहायचे आहे. दोघांचेही म्हणणे आम्हांस पटले. कोणत्या मुलाला काय हवे हे ठरविण्याचा अधिकार त्या दोघांकडे होता, धारवाडच्या त्या मुलाच्या आईबापांकडे तो नव्हता.

शिंदे यांचे उत्तरायुष्य आम्ही थोडक्यात सांगतो. १९२४ मध्ये ते केरळात वायकोमच्या सत्याग्रहाकडे गेले. १९२९ मध्ये पुण्यात पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला, त्यास त्यांनी साथ दिली. १९३० च्या कायदेभंगात सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास भोगला. १९३३ मध्ये भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अस्पृश्य हे पूर्वी राज्यकर्ते व बौद्ध असावेत अशा दिशेने त्यात त्यांनी जे विचार मांडले, ते पुढे बाबासाहेबांनी या विषयावर केलेल्या संशोधनाशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. दोघांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. पण शाळा चालविणाऱ्या माणसाने आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात इतिहासाकडे वळावे आणि आपल्या विद्यार्थ्यांचे पूर्वज कोण होते याचा शोध घ्यावा, याचे आम्हांस अप्रूप वाटते.

शेवटची वर्षे आजारपणात आणि एकाकी गेली. मराठा समाजाने त्यांना महारांचा म्हणून दूर ठेवले, ब्राह्मण सुधारकांनी ब्राह्मणेतर म्हणून. आणि आपल्या समाजातील तरुणांचा विश्वास १९२० नंतर ते परत मिळवू शकले नाहीत. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नाना पेठेतील अहिल्याश्रम आजही त्याच नावाने ओळखला जातो.

स्टाफरूममधील चर्चेचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. शिंदे यांची तसबीर करण्यावर एकमत झाले आहे आणि ती चौकट बसविण्यासाठी कल्याण स्टेशनजवळच्या एका दुकानात दिली आहे. ती कोठे लावावी यावर मात्र अजून मतभेद आहेत. व्हरांड्यातील ओळीत सयाजीराव महाराजांच्या शेजारी, असे काहींचे म्हणणे आहे. आमचे मत निराळे आहे. ती वसतिगृहाच्या अभ्यासिकेत लावावी, जेथे रात्री मुले दिव्याखाली वाचीत बसतात. आणि जनाक्कांचे एखादे छायाचित्र कोठे मिळाले तर तेही तिच्याशेजारी. ज्या माजी विद्यार्थ्यांना असे छायाचित्र कोणा जुन्या पुस्तकात आढळेल त्यांनी ते शाळेकडे पाठवावे.